पुरीमच्या ताटांबद्दल खुलासा

पुरीम या ज्यू सणाला एकमेकांकडे खाण्याच्या पदार्थांची ताटं पाठवतात आणि गरिबांना दान देतात. "पुरीमला पाठवायचे पदार्थ घरीच केलेले हवेत, दोन्ही पदार्थांवर म्हणायची प्रार्थना वेगळी हवी, ओळखीच्या प्रत्येक घरी ताट गेलंच पाहिजे" असा मेसेज फिरतोय. असा नियम नाही. तालमुद या ज्यू धर्मग्रंथाच्या मगिल्ला भागात हिशेब स्पष्ट आहे: एका माणसाला दोन पदार्थ, दान मात्र दोन गरिबांना. पदार्थ लगेच खाता येतील असे हवेत आणि सणाच्याच दिवशी, दिवसाउजेडी द्यावेत. दुकानातली कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारी) बिस्किटं आणि एक सफरचंदही चालतं. करंज्या करायची हौस असेल तर जरूर करा. फक्त तूप घातलंय की तेल, ते चिठ्ठीवर लिहा. मांसाहारानंतर दुधातुपाचं न खाणाऱ्यांची सोय होते. मायमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताने तर ताटांपेक्षा दानावर जास्त खर्च करायला सांगितलंय. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.