ऑस्बर्नने किक का घेतली नाही? एडिसनकरांना उत्तर

एडिसनकर, नमस्कार.

१९८३ साली विजेतेपद थोडक्यात हुकलेल्या नेब्रास्का या अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय, ते वाचून दोघातिघांनी मला "आता काय बोलणार?" असं विचारलं. बोलणार तर आहेच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नेब्रास्काचा प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न याने हातात आलेल्या राष्ट्रीय विजेतेपदाला लाथ मारली आणि मी त्या मूर्खपणाचा पोवाडा रचला. खरा अन्याय झाला तो २००४च्या ऑबर्नवर, त्यांना मी चार ओळींत गुंडाळलं. आणि आता बारा संघांची बाद फेरी सुरू झाल्यावर हा सगळा वादच शिळा झालाय. वर "पानिपतापासून आपल्याला हरलेल्यांचंच कौतुक" हा टोमणा. पानिपत राहू द्या, त्याचा नेब्रास्काशी काही संबंध नाही. बाकीच्या मुद्द्यांवर बोलू.

जे वाचक अमेरिकन कॉलेज फुटबॉल पाहत नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हे भांडण कळणारच नाही. या खेळात राष्ट्रीय विजेता ठरवायला कित्येक दशकं अंतिम सामनाच नव्हता. हंगाम संपला की बडे संघ नववर्षाच्या सुमारास निमंत्रितांचे सामने खेळायचे. ऑरेंज बोल, शुगर बोल, कॉटन बोल, रोझ बोल अशी त्यांची नावं. मग असोसिएटेड प्रेससाठी पत्रकार आणि युनायटेड प्रेस इंटरनॅशनलसाठी प्रशिक्षक मतं द्यायचे. ज्याला मतं जास्त, तो देशाचा विजेता. दोन्हीकडे वेगळा संघ निघाला तर दोन विजेते! क्रिकेटमध्ये कुणी असं सुचवलं असतं तर त्याला लोकांनी मैदानात पाऊल ठेवू दिलं नसतं.

आता ती रात्र, २ जानेवारी १९८४. नेब्रास्का त्या हंगामात १२ पैकी १२ सामने जिंकून आलेली. बारा सामन्यांत ६२४ गुण, म्हणजे सामन्यामागे सरासरी ५२. मिनेसोटाला तर त्यांनी ८४-१३ असं धुतलं होतं. त्यांच्या माइक रोझिएरला त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळालेली. समोर पाचव्या क्रमांकाची मायामी. हंगामाचा पहिलाच सामना फ्लोरिडाकडून २८-३ असा हरलेली आणि नंतर एकही न हरलेली. सामना ऑरेंज बोल स्टेडियमवर, म्हणजे मायामीच्या स्वतःच्या घरी. हे तटस्थ मैदान कसं, हा प्रश्न तेव्हा कुणाला फारसा पडला नाही.

पहिल्या पंधरा मिनिटांत मायामीने १७-० केलं. बर्नी कोसार नावाचा नवखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, चढाईचा सूत्रधार) नेब्रास्काच्या बचावाला भोकं पाडत होता. नेब्रास्काने सावरून १७-१७ अशी बरोबरी केली, तर मायामी परत ३१-१७ पुढे गेली. त्यात रोझिएर घोटा दुखावून बाहेर. त्याच्या जागी आलेल्या जेफ स्मिथने चौथ्या भागात एक टचडाउन केला (चेंडू गोलरेषेपार नेला, ६ गुण; वर किकचा १), ३१-२४ झालं. शेवटच्या चढाईत अर्विंग फ्रायरच्या हातात अगदी अलगद आलेला टचडाउनचा पास सुटला. चार संधींत १० यार्ड पुढे सरकावं लागतं; मग आली चौथी आणि शेवटची संधी, अजून ८ यार्ड हवे होते. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक टर्नर गिलने चेंडू बाजूला फेकला आणि स्मिथ २४ यार्ड पळत थेट आत शिरला. ३१-३०. घड्याळात ४८ सेकंद.

टचडाउननंतर दोन पर्याय असतात. जवळून किक मारून १ गुण, किंवा चेंडू पुन्हा एकदा रेषेपार नेऊन २. त्या काळात जादा वेळेचा नियम नव्हता. किक म्हणजे ३१-३१ आणि सामना बरोबरीत. ऑस्बर्नने २ गुणांसाठी संघ उभा केला. गिलचा पास स्मिथकडे निघाला आणि मायामीच्या केनी कॅल्हूनची बोटं मध्ये आली. संपलं. मायामी पहिली, नेब्रास्का दुसरी.

तुम्ही म्हणता, बरोबरी घेतली असती तरी विजेतेपद मिळालंच असतं. मलाही तसंच वाटतं आणि लेखातही मी तेच म्हटलं होतं. दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सस त्याच दुपारी जॉर्जियाकडून १०-९ हरला होता, त्यामुळे बड्या संघांत न हरलेला असा नेब्रास्का एकटाच उरला असता. मतदारांनी डोळे झाकून त्यांना मत दिलं असतं.

पण तुमचा हिशेब इथेच मला पटत नाही. "मिळालं असतं" म्हणजे कुणी दिलं असतं? मतपत्रिका भरणाऱ्यांनी. मैदानावरचा निकाल मात्र एवढाच राहिला असता, की देशातला सर्वोत्तम म्हणवणारा संघ पाचव्या क्रमांकाच्या संघाला हरवू शकला नाही. ऑस्बर्नला ते विजेतेपद मागून नको होतं, समोरच्याला हरवून हवं होतं. त्यासाठी त्याच्याकडे चेंडू होता, गिल होता आणि गोलरेषा हाकेच्या अंतरावर होती. थोडक्यात हुकणं हा शब्द मी वापरतो तो अशा क्षणासाठी. सगळा निकाल तुमच्या हातात आहे, एका चालीवर आहे आणि ती चाल फसली.

ऑस्बर्नला दोष द्यायचाच असेल, तर तुम्ही चुकीच्या जागी बोट ठेवताय. त्याला धरा ३१-२४च्या वेळी. १४ गुणांनी मागे असताना पहिला टचडाउन झाला, तेव्हाच २ गुणांचा प्रयत्न करायला हवा होता. जमलं असतं तर ३१-२५, आणि पुढच्या टचडाउननंतर साध्या किकवर ३२-३१ असा चक्क विजय. फसलं असतं तर ३१-२३, आणि पुढच्या टचडाउननंतर पुन्हा २ गुणांचा प्रयत्न करून ३१-३१ करण्याची संधी शिल्लक. आता आकडेमोड करणारे प्रशिक्षक असंच खेळतात. १९८४ साली असा विचार कुणी करत नव्हतं, त्यामुळे मी तरी त्याला माफ करतो. तुमचं तुम्ही बघा.

बरोबरी घेऊन विजेतेपद मिळवणारेही झाले आहेत. त्याची चव कशी लागते तेही पाहा. १९ नोव्हेंबर १९६६, ईस्ट लान्सिंग. पहिल्या क्रमांकाचा नोत्र दाम विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट. गुण १०-१०. चेंडू नोत्र दामकडे, घड्याळात मिनिटभर बाकी. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी पास फेकायचं सोडून चेंडू जमिनीवरूनच पुढे रेटत वेळ काढली. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी होऊन बाहेर बसलेला, तेव्हा निर्णयाला कारण होतंच. मिशिगन स्टेटचे खेळाडू समोरून त्यांना डिवचत होते म्हणे. पुढच्या आठवड्यात नोत्र दामने सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० असं लोळवलं आणि विजेतेपद खिशात घातलं. साठ वर्षं होत आली, त्या विजेतेपदाचं नाव काढलं की पहिला विषय निघतो तो त्या शेवटच्या मिनिटाचा.

त्या वर्षी थोडक्यात हुकलेले दोघे होते. एक मिशिगन स्टेट. तेही न हरलेले, पण त्यांच्या परिषदेत, म्हणजे संघांच्या गटात, एकाच संघाने लागोपाठ दोनदा रोझ बोलला जायचं नाही असा नियम होता, म्हणून हंगाम तिथेच संपला. दुसरा अलाबामा, ज्यांनी आधीची दोन वर्षं विजेतेपद मिळवलं होतं. या वेळी त्यांनी ११ पैकी ११ सामने जिंकले, शुगर बोलमध्ये ३४-७ असा दणका दिला आणि तरी तिसरे. दणका कुणाला, तर नेब्रास्कालाच! मतदान मात्र बोल सामन्यांच्या आधीच उरकलेलं. अलाबामाच्या त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. उलट मिशिगन स्टेटचे बब्बा स्मिथ, जॉर्ज वेबस्टर, जिमी रे हे दक्षिणेतलेच कृष्णवर्णीय तरुण. घराजवळच्या बड्या विद्यापीठांची दारं त्यांना बंद होती, म्हणून ते उत्तरेत आले होते. अलाबामावर अन्याय झाला असं म्हणताना हे आठवलं, की माझी हळहळ बरीच कमी होते.

आता तुमचा लाडका ऑबर्न. २००४ साली तेराच्या तेरा सामने जिंकले. कॅडिलॅक विल्यम्स, रॉनी ब्राउन, जेसन कॅम्पबेल, कार्लोस रॉजर्स हे चौघं पुढच्या वर्षी व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत गेले. एका कॉलेजातून चौघं. तोवर क्रमवारीतल्या पहिल्या दोन संघांत अंतिम सामना होऊ लागला होता (या व्यवस्थेचं नाव बीसीएस), तरीही तो सदर्न कॅलिफोर्निया आणि ओक्लाहोमा यांच्यात झाला. का? हंगामाच्या आधीच्या क्रमवारीत ते दोघं पहिले-दुसरे होते, ऑबर्न सतरावा. पुढचे दोघंही हरले नाहीत, मग मागच्याने कितीही जिंकलं तरी जागा होणार कशी? एकही चेंडू फेकला जाण्याआधी कुणीतरी अंदाजाने लावलेली ती रांग डिसेंबरपर्यंत टिकली. वर ओक्लाहोमाने अंतिम सामन्यात ५५-१९ असा मार खाल्ला. पुढे सदर्न कॅलिफोर्नियाचं ते विजेतेपद नियमभंगापायी बीसीएस व्यवस्थेने २०११ मध्ये काढून घेतलं आणि ती जागा रिकामीच ठेवली. ऑबर्नला दिली नाही.

अन्याय झाला यात वादच नाही. पण अन्याय होणं आणि थोडक्यात हुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा लेख दुसरीवर होता. २००४च्या ऑबर्नला विजेतेपदाचा सामना मिळालाच नाही. आत सोडलंच नाही, तर हुकणार काय? शिवाय तुमच्या प्रतिक्रियेत न आलेला एक तपशील: त्या हंगामात लुइझियाना स्टेटविरुद्ध (एलएसयू) ऑबर्नची टचडाउननंतरची किक हुकली होती. प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे ती पुन्हा मारायला मिळाली आणि सामना १०-९ जिंकला. दैवाने त्यांना काहीच दिलं नाही असं नाही.

तुम्ही ऑबर्नचे एवढे कैवारी, तर २००४वरच का अडलात? त्याहून जुनं दुखणं त्याच रात्रीचं आहे, ज्या रात्रीवरून आपण भांडतोय. १९८३च्या हंगामात ऑबर्न तिसरा होता, संघात बो जॅक्सनसारखा नामांकित खेळाडू. बोल सामन्यांत पहिला हरला, दुसरा हरला, चौथा इलिनॉय ४५-९ असा उताणा पडला. ऑबर्नने मिशिगनला ९-७ हरवलं. साध्या हिशेबाने तिसरा पहिला व्हायला हवा. मतदारांनी पाचव्या मायामीला उचलून थेट डोक्यावर बसवलं आणि ऑबर्न तिसराच राहिला. १९९३ साली ऑबर्न एकही सामना हरला नाही, पण आधीच्या गैरप्रकारांमुळे बोल सामन्याला बंदी. आणि खऱ्या अर्थाने थोडक्यात हुकलेला ऑबर्न पाहायचा असेल तर २०१३चा पाहा. अंतिम सामन्यात पुढे होते, १३ सेकंद उरले असताना फ्लोरिडा स्टेटने टचडाउन केला आणि ३४-३१ नेलं. त्या संघावर मी लिहायला तयार आहे.

बारा संघांच्या स्पर्धेबद्दल फार लिहीत नाही. त्याआधीच्या चार संघांच्या बाद फेरीतही २०२३ मध्ये १३-० (तेराही सामने जिंकलेला) असा फ्लोरिडा स्टेट बाहेर बसला, कारण क्वार्टरबॅकचा पाय मोडला होता आणि निवड समितीला संघ कमजोर वाटला. बारा संघ आल्यावर पहिल्याच वर्षी ऑरेगन १३-० होऊन आला. ऑक्टोबरमध्ये ज्या ओहायो स्टेटला त्यांनी ३२-३१ हरवलं होतं, त्यांच्याकडूनच रोझ बोलमध्ये ४१-२१ हरून घरी गेला. दोन पराभव खाल्लेला ओहायो स्टेट विजेता. वाद शिळा झाला म्हणता, तर ऑरेगनच्या एखाद्या चाहत्याला विचारून बघा.

राहिला तुमचा शेवटचा वार, की ऑस्बर्न हट्टी होता आणि हट्टालाच मी तत्त्व म्हणतो. ८ नोव्हेंबर १९९७चा मिझुरीविरुद्धचा सामना काढून पाहा. तोच ऑस्बर्न, नेब्रास्का पुन्हा न हरलेली, ३८-३१ अशी मागे. वेळ संपता संपता स्कॉट फ्रॉस्टचा पास शेव्हिन विगिन्सच्या हातून निसटला, पडता पडता त्याने पायाने तो वर उडवला आणि मॅट डेव्हिसनने जमिनीला टेकायच्या आत झेलला. टचडाउन, ३८-३७. इथे ऑस्बर्नने काय केलं? निमूटपणे किक घेतली. कारण १९९६पासून जादा वेळेचा नियम आला होता आणि आता बरोबरी म्हणजे सामन्याचा शेवट नव्हता. जादा वेळेत ४५-३८ जिंकले. हट्टी माणूस तेव्हाही दोनासाठीच गेला असता.

बाकी विगिन्सने चेंडूला मुद्दाम पाय लावला हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं, आणि नियमाने तो दंडाचा प्रकार होता. त्या हंगामाअखेर पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं आणि प्रशिक्षकांनी निवृत्त होणाऱ्या ऑस्बर्नच्या नेब्रास्काला. मिशिगनची माणसं त्याला अजूनही निरोपाची भेट म्हणतात. मला नेब्रास्काच सरस वाटते, पण यावर भांडायचं असेल तर तुमच्याकडे दारूगोळा भरपूर आहे. या, वाट बघतो.