मसल कारच्या ‘बॅक प्रेशर’बद्दल जे सांगितलं जातं ते

‘जुन्या अमेरिकन मसल कारना बॅक प्रेशर लागतंच, म्हणून कंपन्या एग्झॉस्टमध्ये मुद्दाम झडप बसवत. बाकी सगळ्यांचा एग्झॉस्ट सारखाच, आवाज बदलतो तो सायलेन्सरमुळे. आणि १९७० नंतर ताकद गेली ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे.’ मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, आवडणाऱ्या गाडीवेड्यांत हा मजकूर सतत फिरतो. तो चुकीचा आहे.

बॅक प्रेशरपासून, म्हणजे एग्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूला होणाऱ्या अडथळ्यापासून, सुरुवात करू. जळका वायू बाहेर ढकलायला पिस्टनला जेवढा जोर लागेल, तेवढी ताकद वाया जाते. मग जाड पाइप लावल्यावर कमी आरपीएमला गाडी मरगळते, ते का? अनुभव खरा आहे, पण कारण वेगळं. सिलिंडरमधून सुटलेल्या झोतामागे कमी दाबाची लाट येते आणि उरलासुरला धूर ओढून नेते. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की झोताचा वेग पडतो आणि ही ओढ ढिली होते. त्यात कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) जुनेच ठेवले, तर पेट्रोलही कमी पडू शकतं. आपल्याकडे बुलेटचा सायलेन्सर बदलणारेही याला ‘बॅक प्रेशर गेलं’ म्हणतात.

झडप होती, पण ती थंड इंजिनासाठी. एकाच बाजूच्या मॅनिफोल्डवर (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांवर) बसवलेली ही झडप गरम वायू कार्बोरेटरखालून फिरवायची. इंजिन तापलं की स्प्रिंग सैल होऊन उघडायची. उलट पाँटिअ‍ॅकने १९७० च्या जीटीओला डॅशबोर्डखाली एक नॉब दिला होता. तो ओढला की सायलेन्सरमधला अडथळा कमी व्हायचा. बॅक प्रेशर हवंच असतं, तर हा नॉब कशाला?

‘सगळ्यांचा एग्झॉस्ट सारखाच’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. क्रायस्लरच्या १९६२ च्या मॅक्स वेज इंजिनाचे बिडाचे मॅनिफोल्ड आधी वर चढून मग खाली वळतात, शिवाय शर्यतीसाठी उघडता येणारे कटआउट, म्हणजे धूर सायलेन्सरआधीच बाहेर सोडणारी तोंडं, वेगळेच. पाँटिअ‍ॅकने ४२१ सुपर ड्यूटी इंजिनाला वजन वाचवायला अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड दिले. ड्रॅग स्ट्रिपच्या (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या) काही सेकंदांना ते पुरत, रस्त्यावर फार वेळ ताणले तर वितळायची भीती. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० मध्ये चार नळ्या आधी दोन-दोन जुळतात, मग एक होतात आणि धूर मागच्या चाकाआधीच बाजूने सुटतो. शेव्हरोलेच्या कॅमॅरोला जागा कमी, म्हणून ड्युअल एग्झॉस्टचे दोन्ही पाइप मागच्या अ‍ॅक्सलपलीकडे आडव्या बसवलेल्या एकाच सायलेन्सरमध्ये शिरतात.

आवाजाचं मूळ क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यात आहे; सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात ते त्याच्या आकारावर ठरतं. शेव्हरोले व्ही-८ मध्ये दोन बाजूंना चार-चार सिलिंडर, आणि पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. यातले ५ आणि ७ एकाच बाजूचे, लागोपाठ पेटणारे. ८ आणि ४ दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे प्रत्येक पाइपात झोत असमान अंतराने येतात आणि ती घुमणारी गुरगुर होते. सायलेन्सर तिला फक्त घासूनपुसून घेतो.

राहिला कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. तो १९७५ च्या मॉडेलांवर आला. कॉर्व्हेटमध्ये दोन पाइप एका कन्व्हर्टरमध्ये आणून पुन्हा दोन केले, त्याने वाट अडली हे कबूल. पण शेव्हरोलेच्या याच कॉर्व्हेटचं एलटी-१ इंजिन पाहा: १९७० मध्ये ३७० हॉर्सपॉवर. १९७१ मध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११ वरून ९ वर आणलं आणि आकडा ३३० झाला. हे ग्रॉस आकडे, म्हणजे गाडीचा नेहमीचा सायलेन्सर न जोडता मोजलेले. तो जोडून, गाडीत असतं तसं मोजल्यावर (यालाच नेट म्हणतात) १९७१ चंच इंजिन २७५ दाखवतं. १९७२ मध्ये कंपनीने फक्त नेट आकडा छापला: २५५. तेव्हा कॉर्व्हेटला कन्व्हर्टर बसायला अजून तीन वर्षं होती.