पूर्ण पाथची लिंक का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: ‘एका सिम्लिंकसाठी इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एवढ्या ओळी कशाला? पूर्ण पाथ देऊन एलएन -एस मारायचं, विंडोजवर सरळ कॉपी करायची. विषय संपला.’ (सिम्लिंक म्हणजे दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे बोट दाखवणारी छोटी फाइल; लिनक्स-मॅकवर ती एलएन -एस या कमांडने करतात. पूर्ण पाथ म्हणजे फाइलचा अगदी मुळापासूनचा पत्ता.)

पूर्ण पाथ फोल्डर जागचा हलेपर्यंतच चालतो. आमच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांमध्ये फोल्डर हलतातच. सी ड्राइव्ह भरला की सगळं उचलून डीवर टाकतात, लिनक्सवर कुणी ऑप्ट फोल्डरमधून होम फोल्डरमध्ये नेतं. पूर्ण पाथची लिंक तेव्हा जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहते. ‘एक पायरी वर जाऊन लिब फोल्डर’ अशी सापेक्ष लिंक मात्र फोल्डरासोबत जाते. एवढंच लक्षात ठेवायचं की हा पाथ लिंक जिथे आहे तिथून मोजला जातो, तुम्ही टर्मिनलमध्ये जिथे उभे आहात तिथून नाही. म्हणून स्क्रिप्ट आधी सीडी कमांडने त्या फोल्डरात जाते.

खरी मेख अपग्रेडमध्ये आहे. ‘करंट’ नावाची लिंक आवृत्ती २ च्या फोल्डरकडे जाते असं धरा. आता आवृत्ती ३ साठी एलएन -एसएफ (जुनी लिंक बदलायला -एफ) मारलं, तर कमांड जुन्या लिंकमधून आत शिरते आणि नवी लिंक आवृत्ती २ च्या पोटात तयार करते. एररचा एक शब्द नाही, आणि माणूस जुनंच सॉफ्टवेअर वापरत बसतो! लिनक्सवर यासाठी -एन आहे, मॅकवर -एच; पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्ससाठीचं सामाईक मानक) यातलं एकही नाही. त्यामुळे जुनी लिंक आधी काढून मग नवी करणं, हेच सगळीकडे चालतं. त्या ‘जादा’ ओळी याच.

आता विंडोज. तिथे लिंक करणाऱ्या एमकेलिंक कमांडला लिंकचं नाव आधी, मूळ फाइल नंतर, म्हणजे एलएनच्या बरोब्बर उलट. वर ॲडमिनचे हक्क लागतात. २०१७ पासून विंडोज १० मध्ये डेव्हलपर मोड चालू असेल तर ते लागत नाहीत, पण ऑफिसातल्या पीसीवर तो कोण चालू करतो? जंक्शन या विंडोजच्या दुसऱ्या प्रकारच्या लिंकला ॲडमिन लागत नाही. पण ते फक्त फोल्डरांसाठी, आणि त्यात पुन्हा पूर्ण पाथच.

तेव्हा कॉपी हवीच, याबाबत आपलं एकमत आहे. सॉफ्टवेअर बिल्डची तयारी करणारं ऑटोकॉन्फही आधी सिम्लिंक, मग हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव), आणि काहीच जमलं नाही तर कॉपी, असाच उतरत जातो. सीमेक या तशाच बिल्ड टूलमध्ये आवृत्ती ३.१४ पासून लिंक फसली तर कॉपी करायची सोय आहे. माझा आग्रह इतकाच: कॉपी शेवटी, आणि केली तर तिची नोंद ठेवायची, म्हणजे अपग्रेडला तीही बदलते. सेटिंगच्या फाइलची कॉपी तर मी करतच नाही. तिथे स्क्रिप्ट थांबते आणि कारण सांगते. कारण दोन कॉप्या झाल्या की ऑपरेटर एकीत बदल करतो आणि प्रोग्रॅम दुसरी वाचतो.

तुमच्या स्क्रिप्टने एकदा जुन्या आवृत्तीवरच अपग्रेड करा आणि एलएस -एल (फाइलींची सविस्तर यादी) मारून ‘करंट’ कुठे जाते ते बघा. काय दिसलं ते इथेच लिहा, पुढचं त्यावर बोलू.