घन्नूशींची परागंदा वर्षं आणि कधीच न बसलेलं न्यायालय

ट्युनिशियाच्या एन्नहदा पक्षाचे नेते राशिद घन्नूशी यांचं नाव निघालं की दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘इस्लामवादीच तो, तुरुंगात गेला ते बरं झालं.’ दुसरा, ‘लोकशाहीचा हुतात्मा.’ मला दोन्ही पटत नाहीत. परदेशात काढलेल्या वीसेक वर्षांनी या माणसाला पक्ष जगवायला शिकवलं, आणि तीच सवय पुढे सत्तेत नडली, असं माझं मत आहे.

1987 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुर्गिबांच्या राजवटीत त्यांना जन्मठेप झाली. बुर्गिबांना तेवढ्यानं समाधान नव्हतं, त्यांना फाशी हवी होती. पण 7 नोव्हेंबरला पंतप्रधान बिन अली यांनी डॉक्टरांचे दाखले पुढे करून खुद्द बुर्गिबांनाच घरी बसवलं आणि स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी घन्नूशी सुटले. पक्षाच्या नावात धर्म चालणार नाही म्हणून नाव बदलून ‘एन्नहदा’, म्हणजे पुनरुत्थान, असं ठेवलं. मान्यता तरीही मिळाली नाही. एप्रिल 1989 च्या निवडणुकीत त्यांची माणसं अपक्ष म्हणून उभी राहिली. बिन अलींना धास्ती वाटावी इतकी मतं पडली, आणि मे महिन्यात घन्नूशी देशाबाहेर गेले. आधी अल्जीरिया, मग सुदान, 1991 ला लंडन, 1993 ला ब्रिटनचा राजकीय आश्रय.

परागंदा नेत्याचं आयुष्य म्हणजे बरंचसं कागदपत्रांचं आयुष्य. निर्वासिताला मिळणाऱ्या प्रवासपत्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन काळ्या तिरप्या रेघा असतात. ते घेऊन परदेशी जाता येतं, पण ज्या देशातून पळ काढला तिथे सोडून. शिवाय प्रत्येक व्हिसाच्या खिडकीवर त्या दोन रेघांचं उत्तर द्यावं लागतं. 1992 मध्ये ट्युनिसच्या लष्करी न्यायालयांनी 279 जणांवर खटला चालवला, आणि घन्नूशींना गैरहजेरीत जन्मठेप ठोठावली. त्यावर इंटरपोलची, म्हणजे देशोदेशींच्या पोलिसांना जोडणाऱ्या संघटनेची, रेड नोटीस निघाली. रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. एका देशाची विनंती इंटरपोल सगळीकडे पाठवतं, पकडायचं की नाही ते ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. राजकीय प्रकरणांत पडायला इंटरपोलच्या घटनेतलं कलम 3 मनाई करतं, पण ते सिद्ध करायचा खटाटोप ज्याच्यावर नोटीस आहे त्यानंच करायचा. घन्नूशींची नोटीस रद्द झाली ती 2011 च्या उठावात बिन अली देश सोडून पळून गेल्यानंतर.

खरी किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली. हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले, काही जण वर्षानुवर्षं एकांतकोठडीत होते. सुटल्यावरही पोलीस ठाण्यात हजेरी, नोकरी नाही, पासपोर्ट नाही. तुरुंगवाले आणि लंडन-पॅरिसवाले ही फट पक्षात पुढेही राहिली. ती फुटीपर्यंत जाऊ न देणं हे घन्नूशींचं मोठं काम. दुसरं काम म्हणजे विरोधकांशी बोलणी. 2005 च्या ‘18 ऑक्टोबर’ आघाडीत एन्नहदा चक्क डाव्यांसोबत बसली. स्त्री-पुरुष समानता आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य यावर संयुक्त भूमिका ठरली. अरब जगात हे तेव्हा सोपं नव्हतं.

30 जानेवारी 2011 ला ते ट्युनिसच्या विमानतळावर उतरले. ऑक्टोबरमधल्या निवडणुकीत एन्नहदाला 217 पैकी 89 जागा मिळाल्या. 2013 मध्ये बेलाईद आणि ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या, देश पेटायची वेळ आली. तेव्हा घन्नूशी पॅरिसला जाऊन बेजी काईद एसेब्सींना भेटले. जुन्या राजवटीत वाढलेल्या या माणसाशी त्यांनी तडजोड केली आणि पक्षानं सत्ता सोडली. ही वाटाघाटीची विद्या लंडनमध्येच घोटलेली. त्या वेळी ती देशाच्या उपयोगी पडली, हे मान्य करायलाच हवं.

पण तिथूनच सगळं बंद खोलीत ठरायला लागलं. 2014 च्या राज्यघटनेनं घटनात्मक न्यायालय, म्हणजे घटनेवरचे वाद सोडवणारं न्यायालय, सांगितलं होतं: 12 न्यायाधीश, चार संसदेनं निवडायचे, चार न्यायिक परिषदेनं, चार राष्ट्राध्यक्षांनी. मुदत संसदीय निवडणुकीपासून एक वर्ष. संसदेतल्या निवडीला दोन-तृतीयांश, म्हणजे 145 मतं लागत. ‘आमचा एक, तुमचा एक’ या घासाघिशीत 2018 पर्यंत जेमतेम एक नाव पार पडलं. दोष एकट्या एन्नहदाचा नाही, सगळ्यांनीच खेळ केला. पण गैरहजेरीत जन्मठेप झालेल्या माणसाला न्यायालय नसण्याचा अर्थ इतरांपेक्षा जास्त कळायला हवा होता. 2021 मध्ये शहाणपण सुचून अट तीन-पंचमांशावर आणली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी सही केली नाही.

25 जुलै 2021 ला सईद यांनी घटनेतलं आणीबाणीचं कलम 80 वापरून संसद गोठवली. त्याच कलमात संसदेचं अधिवेशन चालूच राहील असं होतं. 30 दिवसांनंतर सभापती किंवा 30 सदस्यांना घटनात्मक न्यायालयाकडे जाता येईल, असंही होतं. सभापती होते घन्नूशी. त्या रात्री ते बार्दोला संसदेच्या फाटकाशी पोचले. आत रणगाडा होता, सैनिकांनी फाटक उघडलं नाही. ऐंशी वर्षांचे सभापती गाडीत बसून राहिले. दाद मागायची तर कुणाकडे?

एप्रिल 2023 मध्ये, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, त्यांना घरातून अटक झाली. एकेका खटल्यात शिक्षा वाढत गेली. त्यातला एक आपल्याला जवळचा आहे. 2016 मध्ये मुंबईच्या जमनालाल बजाज फाउंडेशननं भारताबाहेर गांधीविचार रुजवल्याबद्दल त्यांना पुरस्कार दिला. ती रक्कम त्यांनी ट्युनिशियाच्या रेड क्रेसेंट या मदतसंस्थेला देऊन टाकली. त्या देणगीवरून दोन वर्षांची शिक्षा झाली.