ते एकशे ऐंशी गायक उतरले कुठे होते?

माझ्या भाच्याला शनिवारी शाळेत तीन मिनिटं बोलायचंय. विषय 'आपल्या जिल्ह्याचा अभिमान'. ताई साताऱ्यात राहते, म्हणजे जिल्हा सातारा, आणि एवढ्या मोठ्या जिल्ह्यातून आठवीतल्या पोराने माणूस निवडला तो पाचगणीत शिकलेला, 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. निवड ऐकून मी खूश. मग भाषण वाचून दाखवायला त्याने फोन केला आणि चौथ्या वाक्याला मला म्हणावं लागलं, थांब, हे कुठून आणलंस?

"आईच्या ग्रुपवर आलं होतं, मामा."

ते 'आलेलं' ताईने मला पाठवलं. खरं तर याआधी ते माझ्याकडेही दोनदा येऊन गेलं होतं आणि मी न वाचता पुढे सरकलो होतो. तेव्हाच वाचलं असतं तर आज एवढं लिहावं लागलं नसतं. त्यातला मजकूर थोडक्यात असा: 'बोहेमियन रॅप्सडी' हे गाणं पाचगणीच्या एका मुलाने शाळेच्या पियानोवर रचलं, चाल नाट्यसंगीतावरून उचलली. शब्द एका रात्रीत लिहिले. ऑपेराचे, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाचे, १८० गायक बोलावून, कुठलंही यंत्र न वापरता, एका दमात रेकॉर्डिंग केलं. रेडिओने नकार दिला तेव्हा एका निवेदकाने टेप चोरून वाजवली. आणि कडी म्हणजे, डॉक्टरांनी एड्स झाल्याचं सांगितलं त्या रात्री त्याने आईला लिहिलेलं हे अखेरचं पत्र होतं, म्हणून गाण्यात 'मामा' अशी हाक आहे. खाली जोडलेल्या हातांची रांग आणि 'आजच्या ऑटोट्यूनच्या पिढीला हे काय कळणार!'

उलट्या क्रमाने जातो, कारण सगळ्यात घाणेरडी गोष्ट शेवटी आहे आणि नेमकी तीच पोराने भाषणाच्या सुरुवातीला घेतली होती. 'डोळ्यांत पाणी येतं' म्हणून.

गाणं बाजारात आलं ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी. एड्सची पहिली वैद्यकीय नोंद अमेरिकेत छापून आली जून १९८१ मध्ये. म्हणजे १९७५ साली जगातल्या कुठल्याही डॉक्टरला हा आजार माहीत नव्हता, त्याला नाव नव्हतं, तपासणी नव्हती. मग लंडनच्या कुठल्या डॉक्टरने, काय बघून, फ्रेडीला रात्री बोलावून सांगितलं? तेव्हा तो २९ वर्षांचा होता, धडधाकट होता. या 'अखेरच्या पत्रा'नंतर त्याने क्वीनबरोबर आणखी दहा अल्बम केले. आजाराचं त्याने जाहीर निवेदन दिलं ते २३ नोव्हेंबर १९९१ रोजी, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मधे सोळा वर्षं आहेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ती एका ओळीत गिळली.

शिवाय, पत्र म्हणून वाचायचं तर सगळंच पत्र म्हणून वाचा. त्या गाण्यातला मुलगा आईला सांगतो ते आजारपणाबद्दल नाही. आपल्या हातून एका माणसाचा खून झालाय, असं तो सांगतो. मग फ्रेडी खुनीही होता का? ते नको, नाही का? गाण्याचा अर्थ त्याने स्वतः कधीच फोड करून सांगितला नाही, लोकांनी विचारून विचारून थकवलं तरी. बाकी अंदाज कुणी काहीही बांधावेत. पण माणूस मेला कशाने ते धरून त्याने आयुष्यभर केलेलं काम त्यालाच नेऊन चिकटवायचं, आणि तेही तारखा न बघता, याला मी श्रद्धांजली म्हणत नाही. त्याची आई, जेर बुलसारा, २०१६ पर्यंत हयात होती. तिच्या नावाने लोक खोटी पत्रं वाटत फिरतात, आणि आता ते एका शाळेच्या माईकवरून वाचलं जाणार होतं.

('मामा'वरून आठवलं. आमच्या घरी हे गाणं पहिल्यांदा वाजलं तेव्हा आजीने विचारलं होतं, हा मामाला एवढा का बोलावतोय, मामाने काय केलं? आजीचा प्रश्न या फॉरवर्डपेक्षा शहाणपणाचा होता.)

आता १८० गायक. याचा मला राग आला नाही, हसू आलं, पण यात खरी गंमत दडलीय म्हणून सविस्तर सांगतो.

१८० हा आकडा खरा आहे, माणसांचा नाही. आवाजावर आवाज चढवून जे थर केले त्यांची संख्या म्हणून तो सांगितला जातो. गाणारे होते तीन: फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर. बास वाजवणारा जॉन डीकन त्यात गायलाच नाही. खालचे सूर मेचे, मधला भरदार आवाज फ्रेडीचा आणि मधल्या भागात पुन्हा पुन्हा येणारं ते कानठळ्या बसवणारं उंच 'गॅलिलिओ' टेलरचं. गाण्याच्या अगदी सुरुवातीला वाद्यांशिवाय जो समूहस्वर येतो तो तर एकट्या फ्रेडीचा आहे, स्वतःच्या आवाजावर स्वतःचा आवाज. व्हिडिओत चौघांचे चेहरे हलताना दिसतात, ते फक्त ओठ.

हे जमवलं कसं? त्यांच्याकडे २४ ट्रॅकची टेप होती. म्हणजे एका रुंद फितीवर शेजारी शेजारी २४ पट्ट्या, प्रत्येकीवर वेगळा आवाज. पियानो, बास, ड्रम, गिटार यांनी काही पट्ट्या खाल्ल्या. उरलेल्यांवर तिघांनी एक ओळ गायची, पुन्हा तीच ओळ गायची, मग वरचा सूर, मग खालचा. पट्ट्या भरल्या की त्या सगळ्या एकत्र करून एका-दोन पट्ट्यांवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्यांवर पुन्हा गायचं. असं करत करत. दिवसाचे दहा-बारा तास गाणं, आणि मधला ऑपेराचा भाग पुरा व्हायला तीनेक आठवडे. निर्माता रॉय थॉमस बेकर सांगायचा की आधी त्या भागासाठी थोडीशीच टेप सोडली होती, पण फ्रेडी रोज एक नवा 'गॅलिलिओ' घेऊन यायचा आणि टेपचा तुकडा जोडत जावं लागायचं.

उतरवलेल्याची उतरवणी म्हणजे काय असतं ते मी केलंय. कॉलेजच्या होस्टेलवर दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून स्वतःच्याच आवाजात कोरस करायचा उद्योग. एकात गायलेलं वाजवायचं, त्यावर गायचं, दोन्ही मिळून दुसऱ्यात भरायचं, मग कॅसेटी बदलून पुन्हा. तिसऱ्या खेपेला मागे 'सूऽऽ' असा आवाज सुरू होतो, चौथ्या खेपेला शब्दांतले 'स' आणि 'त' पुसले जातात, पाचव्या खेपेला आपण विहिरीत बसून गातोय असं वाटतं. माझं यंत्र साधं होतं, त्यांचं उत्तम. पण फितीचा स्वभाव तोच. क्वीनवाले अशी आठवी उतरवणी होईपर्यंत गेले म्हणतात. ती टेप मशिनच्या हेडवरून इतक्या वेळा घासली गेली की तिच्यावरचा तपकिरी थर झिजला आणि फीत उजेडापुढे धरली तर आरपार दिसायचं, असं मे आणि बेकर दोघांनीही मुलाखतींत सांगितलंय. आणखी दोन 'गॅलिलिओ' झाले असते तर गाणंच राहिलं नसतं.

पटत नसेल तर आणखी एक. क्वीनने हे गाणं मंचावर शेकडो वेळा केलं, पण मधला ऑपेराचा भाग ते मंचावर गात नसत. तो टेपवरून वाजायचा, हे लोक आत निघून जायचे आणि जोरकस गिटार सुरू होताना धावत बाहेर यायचे. १३ जुलै १९८५ च्या त्या प्रसिद्ध लाइव्ह एड मैफलीतही त्यांनी या गाण्याचा फक्त सुरुवातीचा पियानोचा भाग घेतला आणि पुढच्या गाण्यावर उडी मारली. १८० माणसांचं काम तिघांना जमेना म्हणून असं झालं नाही. तिघांनी तीन आठवड्यांत गायलेलं सहा मिनिटांत पुन्हा गाता येत नाही, एवढंच.

हा गैरसमज आपल्याकडे खपतो याचं कारण मात्र मला समजतं. १९७५ साली मुंबईत बहुतेक फिल्मी गाणी अशीच व्हायची: मोठा हॉल, पन्नास-शंभर वादक, कोरस, गायक, सगळे एकदम, आणि एकाने चूक केली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या सवयीने कान म्हणतो की एवढा आवाज म्हणजे एवढी माणसं. पण हे गाणं सुरू झालं ते वेल्समध्ये, मॉनमथ गावाजवळच्या रॉकफील्ड नावाच्या स्टुडिओत, ऑगस्ट १९७५ मध्ये. ते मुळात गाईगुरांचं शेत. १८० ऑपेरा गायक तिथे उतरले असते तर गोठ्यात झोपावं लागलं असतं.

एका रात्रीची गोष्ट. इथे मला फार बोलायची गरज नाही, कारण कागद हजर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजने फ्रेडीच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव केला, त्यात या गाण्याचे हस्तलिखित कच्चे खर्डे होते. पंधरा पानं, ब्रिटिश मिडलंड या विमान कंपनीच्या छापील कागदांवर, पेन्सिलीने आणि बॉलपेनने. खाडाखोड, बाण, बाजूला सुचलेले आणि पुढे टाकून दिलेले शब्द. आणि एका पानावर वर लिहिलेलं नाव 'मंगोलियन रॅप्सडी', त्यातलं 'मंगोलियन' खोडून वर 'बोहेमियन'. कागद १९७४ चे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या आधी वर्षभर हे घोळत होतं. गेले ते साधारण १३.८ लाख पौंडांना. त्याआधीचाही धागा आहे. साठच्या दशकाच्या शेवटी, कलाशाळेच्या दिवसांत, त्याच्याकडे 'काउबॉय साँग' म्हणून एक अर्धवट तुकडा होता आणि आईला दिलेली ती कबुली त्यात होती, अशी त्याच्या तेव्हाच्या एका मित्राची आठवण आहे. आठवणीवर मी फार भार टाकणार नाही. खोडलेलं 'मंगोलियन' पुरेसं आहे. एका रात्रीत झपाटून लिहिणारा माणूस आधी मंगोलियाला जाऊन परत येत नाही.

बाकीचं भराभर. 'यंत्रांशिवाय' हे वर सांगितलंच. यंत्र झिजेपर्यंत वापरलं. हे कुठून आलं असेल त्याचा अंदाज आहे: क्वीनच्या त्या काळच्या अल्बमांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असं ते अभिमानाने छापत. खरंच ते इलेक्ट्रॉनिक वाद्य वापरलेलं नव्हतं. कुणीतरी ते वाचलं, सिंथेसायझरचं यंत्र केलं आणि यंत्राची सगळी यंत्रं.

टेपची चोरी अर्धी खरी, नाइलाजाने मान्य. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, रेडिओला एवढं लांब चालणार नाही असं रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं होतंच. पण लंडनच्या कॅपिटल रेडिओचा निवेदक केनी एव्हरेट याने काही चोरलं नाही. तो फ्रेडीचा दोस्त, त्याला प्रत दिली गेली ती 'हे वाजवायचं नाही हं' असं डोळा मिचकावत सांगून. त्याने दोन दिवसांत १४ वेळा वाजवलं. पुढे ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. चोरी म्हटलं की गोष्ट रंगते, पण डोळा मिचकावण्यात जास्त मजा नाही का?

राहिली पाचगणी. इथे मला जपून बोलावं लागेल, कारण ताईचा जीव त्यात आहे. फारुख बुलसारा, म्हणजेच फ्रेडी, झांझिबारला जन्मला, पारशी घरात. आडनावाप्रमाणे मूळ बुलसरचे, म्हणजे आजचं वलसाड. लहानपणी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगात ठेवलं, तिथे तो बरीच वर्षं होता. पियानो तिथे शिकला, परीक्षा दिल्या, शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, गायला, 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड तिथेच काढला. फ्रेडी हे नावही तिथलंच. लताबाईंची गाणी त्याच्या कानावर होती असंही चरित्रकार लिहितात. हे सगळं घ्या, छातीवर बिल्ला लावून मिरवा, माझी ना नाही. पण हेक्टिक्स वाजवायचे ती क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची रॉक अँड रोल गाणी. नाट्यसंगीताचा पुरावा कुठे आहे? 'बोहेमियन रॅप्सडी' ऐकताना ज्याला नाट्यपद आठवतं त्याने कुठलं आठवतं ते सांगावं, आपण दोन्ही लागोपाठ वाजवू.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. म्हणजे १८० वाला भाग सांगितला आणि बाकीचं ताईला. त्याला म्हटलं, हेडफोन लाव आणि 'गॅलिलिओ' येईल तिथे डावा कान काढ, मग उजवा. ते शब्द या कानातून त्या कानात उड्या मारतात. मग 'मॅग्निफिको'ला थांब. तिथे सूर एकदम येत नाहीत, एकेक येऊन थांबून राहतात, देवळात एकामागून एक घंटा वाजवाव्यात तसे. तो ऐकत राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मामा, हे दोन मोबाइलवर होईल?"

होईल म्हटलं.

रात्री अकराला ताईचा मेसेज. पोरगा तासभर बाथरूममध्ये आहे, तिचा फोन आणि बाबांचा फोन दोन्ही आत नेलेत, आणि सातव्या 'गॅलिलिओ'ला खालच्या काकूंनी बेल वाजवली. भाषणाचं पुढे काय झालं ते त्यात नव्हतं.