दोन वर्षं डी अँझा, मग बर्कली: आपल्याकडे कॉमर्सच्या मुलांना हे का नाही?

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, दादाच्या मुलीचं बारावीनंतर काय. नाशिकला कॉमर्स केलं, बीबीएची सीईटी दिली, पुण्यातलं जे कॉलेज हवं होतं ते मिळेल असं दिसत नाही, आणि मग काकांपासून मामेभावापर्यंत सगळ्यांची मतं सुरू झाली. कोणी म्हणतं मिळेल ते घे, एकदा सीट गेली की गेली, कोणी म्हणतं एक वर्ष थांब आणि परत सीईटी दे. त्यातच एकाने लिहिलं की अमेरिकेत बघा किती सोपंय, दोन वर्षं कुठल्याही साध्या कॉलेजात काढायची आणि मग थेट बर्कलीत, म्हणजे तिथल्या नावाजलेल्या सरकारी युनिव्हर्सिटीत जायचं. लगेच दुसऱ्याचं उत्तर, छे, तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठेच मिळत नाही त्यांच्यासाठी असतं. मला दोन्ही पटत नाही, आणि ग्रुपवर उत्तर द्यायला घेतलं तर ते एवढं लांबलं की म्हटलं नीट बसून लिहावं.

मी कॅलिफोर्नियात सनीवेलला राहते, डी अँझा हे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे डिग्रीची पहिली दोन वर्षं जिथे करता येतात असं कॉलेज, शेजारच्या कुपर्टिनोत. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि तिथे प्रवेशाला कटऑफ नसतो, हायस्कूल झालं की या, नोकरी करता करता या, चाळिशीत या. राज्याच्या रहिवाशाला फी एका सेमिस्टर युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे ट्रान्सफरला, तिथून युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायला, लागतात ती ६० युनिटं केली तरी दोन वर्षांची फी २,७६० डॉलर होते. (डी अँझात सेमिस्टरऐवजी क्वार्टर सिस्टिम, म्हणजे तिमाही सत्रं आहेत, त्यामुळे तिथे आकडा वेगळा मोजतात पण खर्च साधारण तेवढाच.) बर्कलीत एका वर्षाची ट्यूशनच १४ हजार डॉलरच्या वर जाते. आणि ट्रान्सफर होऊन डिग्री मिळाली की त्यावर फक्त बर्कलीचं नाव असतं, पहिली दोन वर्षं कुठे काढली ते डिग्रीवर येत नाही.

हे आपोआप झालेलं नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, त्यात ठरवलं की हायस्कूलमधल्या वरच्या साधारण साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी (बर्कली हा तिचाच एक कॅम्पस), वरच्या एक तृतीयांशाला स्टेट युनिव्हर्सिटी, आणि बाकी कोणालाही कम्युनिटी कॉलेज, पण तिथून चांगलं करून दाखवलं तर तिसऱ्या वर्षाला वर यायची वाट उघडी. यूसीने पहिल्या वर्षाला येणाऱ्या दोन मुलांमागे निदान एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा असं लक्ष्य ठेवलंय आणि त्यात कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य आहे. म्हणजे या मुलांसाठी जागा आधीच धरलेली असते, कोणाची सीट रिकामी पडली म्हणून उरलेलं ताट पुढे सरकवल्यासारखं ते नसतं.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. असिस्ट नावाची एक अधिकृत वेबसाइट आहे, त्यावर तुम्ही तुमचं कम्युनिटी कॉलेज निवडायचं, जिथे जायचंय ती युनिव्हर्सिटी आणि कोर्स निवडायचा, वर्ष निवडायचं, की समोर दोन रकाने येतात. डावीकडे युनिव्हर्सिटीचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला कुठला विषय त्याच्या जागी चालेल ते. कधी उजवीकडे दोन विषय "आणि"ने जोडलेले असतात, म्हणजे दोन्ही केले तरच धरणार, एकच केला तर त्याचा उपयोग नाही. आणि जिथे काहीच चालत नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या नवऱ्याच्या चुलतबहिणीची मुलगी, म्हणजे आमची भाचीच, डी अँझात होती तेव्हा आमच्या डायनिंग टेबलवर या तक्त्याची प्रिंट पसरून बसायची आणि झालेल्या विषयावर हिरवी रेघ मारायची. अठरा वर्षांच्या मुलीला कोणाची ओळख काढावी लागली नाही, कुठल्या क्लार्कच्या खिडकीपुढे उभं राहावं लागलं नाही, काय केलं की काय मानलं जाईल हे पहिल्या दिवशी माहीत होतं.

आता "किती सोपंय"वाल्यांसाठी. बर्कलीचं हास बिझनेस स्कूल हा या वाटेवरचा सगळ्यात अरुंद भाग आहे. यूसीच्या सहा कॅम्पसना ट्रान्सफरची हमी मिळते, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, त्यासाठी सप्टेंबरात वेगळा अर्ज असतो आणि सगळेच कोर्स त्यात बसत नाहीत. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो हमी देतच नाहीत. हासला कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, इंग्लिशचे लेखन-वाचनाचे कोर्स, बिझनेसची ओळख हे सगळं फॉलला, म्हणजे ऑगस्टच्या सत्राला, जॉइन व्हायच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या सत्रात, संपलेलं पाहिजे, उन्हाळ्यात उरकून घेते म्हटलं तर चालत नाही. मेन अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर, मग हासचा स्वतःचा जादा अर्ज, जानेवारीत फॉलचे ग्रेड कळवायचे, आणि निकाल थेट एप्रिलमध्ये. ग्रेड जवळजवळ सगळे ए लागतात आणि तरीही नकार येतो, कारण समोरच्या प्रत्येकाचे ए असतात.

भाचीलाही नकार आला. अर्वाइनला बिझनेस मिळालं, ती तिकडे गेली. दोन दिवस घरात कोणाशी बोलली नाही हे खरं, पण तिच्या हातात दुसरा चांगला पर्याय होता तोही याच दोन वर्षांच्या जोरावर, तेच विषय, तीच युनिटं, काहीही वाया गेलं नाही. मला वाटतं या व्यवस्थेची खरी परीक्षा इथे होते. ज्याला टॉपचं मिळालं त्याचे फोटो सगळे टाकतात, पण ज्याला नाही मिळालं त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते का ते बघायला हवं.

आणि जी मुलं हासला पोचतात त्यांचंही ऐकून ठेवा. भाचीची डी अँझातली मैत्रीण गेली तिथे. ऑगस्टमध्ये कॅम्पसवर आली तर पहिल्या काही आठवड्यांतच कन्सल्टिंग, फायनान्सच्या क्लबांच्या मुलाखती सुरू, इन्व्हेस्टमेंट बँकांची तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप तर बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षातच ठरत आलेली असते, म्हणजे ही मुलगी जेव्हा कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या असाइनमेंट करत होती तेव्हाच ती गाडी सुटलेली. त्यात २०२४ च्या फॉलपासून हासने पहिल्या वर्षापासूनच चार वर्षांसाठी मुलं घ्यायला सुरुवात केलीय (आधी बर्कलीच्या स्वतःच्या मुलांनाही दुसऱ्या वर्षी अर्ज करावा लागायचा). ट्रान्सफरची दारं उघडी आहेत, पण वर्गात आधीच दोन वर्षं एकमेकांना ओळखणारी मुलं बसलेली असणार. फी वाचली, डिग्री तीच मिळाली, पण वेळ आणि ओळखी यांची किंमत द्यावी लागते आणि हे आधी कोणी सांगत नाही.

एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या एच-वन व्हिसावर अवलंबून, असलेल्या आपल्या मुलांचं तर अजून अवघड. कॅलिफोर्नियात त्यांना रहिवाशाची फी लागू होऊ शकते, पण नोकरी करता येत नाही, आणि बिझनेस स्कूलचा अर्ज विचारतो की तुम्ही काय काम केलंय. वर एकवीस पूर्ण झाली की एच-फोर संपतो, म्हणजे साधारण ट्रान्सफर होऊन वर्षभरातच व्हिसाची धावपळ. अशा आईबाबांनी कम्युनिटी कॉलेजची वाट निवडताना तारखा मांडूनच निवडावी.

अजून एक गोष्ट आकड्यात सांगते, कारण इथून लिहिणारे बऱ्याचदा फक्त छान छान लिहितात. कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात ट्रान्सफर करायचं म्हणून कम्युनिटी कॉलेजात आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत खरोखर ट्रान्सफर झालेली मुलं पाचात एक निघाली. पाचात एक! बाकीच्यांना नोकरी सांभाळायची असते, घर चालवायचं असतं, गणित अडतं, चुकीचे विषय घेतले जातात, काउन्सिलरची वेळ मिळत नाही. तक्ता छापला म्हणून काम संपत नाही, तो कोणीतरी मुलाशेजारी बसून वाचून दाखवावा लागतो. आमच्या भाचीकडे डायनिंग टेबल होतं, शेजारी बसायला माणसं होती.

आणि आपली माणसं काय करतात? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी भाचीला विचारलं, कुठे मिळालं गं? ती म्हणाली डी अँझा. काकू म्हणाल्या, असू दे गं, होईल पुढे काहीतरी. वाईट हेतू नव्हता त्यांचा, पण ती पोर पुढच्या वर्षी गणपतीला आलीच नाही. ज्या समाजाने रात्रशाळा चालवल्या, कमवा आणि शिका काढलं, त्याच समाजातले आपण इथे येऊन एखाद्या मुलीला कॉलेजच्या नावावरून असं वागवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता नाशिककडे येते. आपल्याकडे नवीन शैक्षणिक धोरणानंतर सगळे म्हणतात क्रेडिट ट्रान्सफर होणार, २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, त्यात झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा राहतात, मध्येच सोडा, परत या, दुसरीकडे जा. दादाही तेच म्हणाला, आत्ता इथेच बीकॉमला घालतो, मग बघू बदलून. पण बँकेत पैसे असणं वेगळं आणि दुकानदाराने ते घेणं वेगळं. मुलीने नाशिकच्या कॉलेजात केलेलं अकाउंट्स पुण्याच्या ऑटोनॉमस कॉलेजात कशाला धरणार, तिथे तिसऱ्या वर्षाला तिच्यासारख्यांसाठी किती जागा ठेवल्यात, किती मार्क पाहिजेत, हे तिला आज, पहिल्या वर्षाच्या आधी, कोण लिहून देणार? आत्ता कॉलेज बदलायचं म्हणजे एनओसी, टीसी, एलिजिबिलिटी, आणि वर "जागा असेल तर बघू".

आणि हे आपल्याला जमणारच नाही असं कोणी म्हणू नका, कारण इंजिनियरिंगमध्ये आपण हे कित्येक वर्षं करतोय! दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग डायरेक्ट सेकंड इयर. त्यांच्यासाठी वेगळ्या जागा आहेत, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं, राज्याचा सीईटी सेल कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या घेतो, सीओईपी आणि व्हीजेटीआयलासुद्धा मुलं त्याच वाटेने जातात. गावाकडची, दहावीत कमी पडलेली, घरी पैसा नसलेली किती मुलं या वाटेने इंजिनियर झाली, आमच्याच घरात दोघं आहेत. वर्गात त्यांना "डिप्लोमावाले" म्हणून हिणवलं गेलं आणि तरी ती कामात कुठे कमी पडली नाहीत.

मग कॉमर्स आणि मॅनेजमेंटच्या मुलांनी काय घोडं मारलंय? २०२४ पासून बीबीए, बीएमएसला सीईटी लावली, मुलं कमी आली म्हणून त्याच वर्षी दुसऱ्यांदा घ्यावी लागली, तरी हजारो जागा रिकाम्या राहिल्या, आणि दुसरीकडे चार नावाजलेल्या कॉलेजांसाठी अठरा वर्षांची मुलं रडतायत. माझं म्हणणं एवढंच की पुणे, मुंबई, शिवाजी विद्यापीठ आणि मोठी ऑटोनॉमस कॉलेजं यांनी फक्त पाच विषयांपासून सुरुवात करावी, अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, बिझनेस मॅथ्स, कम्युनिकेशन, आणि कुठला विषय कुठे चालेल याचा तक्ता दरवर्षी जूनच्या आधी मराठीत आणि इंग्रजीत जाहीर करावा. नावाजलेल्या बीबीए कॉलेजांनी तिसऱ्या वर्षाला बाहेरून येणाऱ्यांसाठी ठरावीक जागा धराव्यात, रिकाम्या राहतील तेव्हा बघू असं नको. त्या जागांची मेरिट लिस्ट सीईटी सेलने डायरेक्ट सेकंड इयरसारखीच लावावी, सॉफ्टवेअर आहे, माणसं आहेत, राउंड घ्यायची सवय आहे. आणि प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात निदान एक प्राध्यापक असा असावा की ज्याच्या वेळापत्रकात तो तक्ता मुलांसोबत बसून वाचायचे तास लिहिलेले असतील, आणि त्या तासांचा त्याला पगार मिळेल.