‘हवेवरचा मागितला, महागडा इलेक्ट्रिक गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही आम्हाला एक स्टार दिलात आणि तीन तक्रारी लिहिल्यात. हवेवर चालणारा डाय ग्राइंडर (हातात धरून छोटा कटर प्रचंड वेगाने फिरवणारं मशीन) मागितला, तर आम्ही जवळपास दुप्पट किमतीचा इलेक्ट्रिक गळ्यात मारला. तो वीस मिनिटांत हातात धरवेना इतका तापला. आणि सोबत घेतलेला कार्बाइडचा कटर एका दिवसात ‘मेला’, तरी काउंटरवरच्या मुलाने बदलून दिला नाही. घरी जुनी जीप उघडून बसलेले, पत्रा-वेल्डिंग स्वतः करणारे बरेच जण हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हवेचं. शिरोलीच्या फाउंड्रीत फेटलिंगवाले, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासून साफ करणारे, दिवसभर हवेवरचाच ग्राइंडर चालवतात, मग मला का नको, असं तुम्ही लिहिलंय. तिथे तो चालतोच, आणि उत्तम चालतो. हलका असतो, जळायला त्यात वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) नसतं, बाहेर पडणारी हवा उलट गारच लागते. पण त्या पोरांच्या पाइपमागे मोठा स्क्रू कॉम्प्रेसर अखंड हवा देत उभा असतो. तुमच्याकडे 1 एचपीचा, 25 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे, हे तुम्हीच दुकानात सांगितलंत. ती टाकी 8 बार दाबावरून 6 बारवर येईपर्यंत तुम्हाला साधारण 50 लिटर मोकळी हवा मिळते. ट्रिगर दाबून धरला की डाय ग्राइंडर मिनिटाला 300 ते 400 लिटर ओढतो. खोक्यावर 4 किंवा 5 सीएफएम (मिनिटाला तेवढे घनफूट, म्हणजे साधारण 115 ते 140 लिटर) छापलेलं दिसतं, पण तो आकडा बहुतेक वेळा थांबत थांबत चालवल्याचा, सरासरीचा असतो. म्हणजे पाव मिनिट कापायचं आणि टाकी भरायची वाट बघायची. त्यात टाकीत पाणी साठतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. ते पाणी पाइपातून मशीनमध्ये जातं आणि तेल घातलं नाही तर आतल्या पट्ट्या गंजून अडकतात. ऑनलाइन दिसलेला हजार रुपयांचा ग्राइंडर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो तुमच्या कॉम्प्रेसरवर चालणार नाही, एवढंच आम्ही सांगितलं होतं, आणि आजही तेच सांगेन. तो विकला असता तर आमचा माल खपला असता, पण तुमचं काम अडलंच असतं.

आता तापण्याचं. तुमच्या मशीनमध्ये गिअर नाहीत. मोटर 28,000 आरपीएमने (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) फिरते आणि कोलेट, म्हणजे कटरचा दांडा पकडणारी चिमटी, थेट त्याच वेगाने फिरतं. आतला पंखा मागच्या जाळीतून हवा ओढतो, वाइंडिंगवरून नेतो आणि पुढे नाकाजवळ सोडतो. म्हणून नाक कोमट होणं हे ठीकच. पण कटर दाबला की मोटर मंदावते, पंखाही मंदावतो, आणि नेमका तेव्हाच करंट वाढतो. मशीन तापतं ते इथे. याची खूण कानाला कळते. चढा सूर एकदम खाली बसला की दाब जास्त झाला. कटर वेगाने कापतो, जोराने नाही. मशीनच्या वजनाइतका भार पुरतो. थोडं काम झालं की बंद करण्याआधी मिनिटभर हवेत मोकळं फिरू द्यावं, म्हणजे पंखाच आतली उष्णता काढून टाकतो. आणि मागची जाळी हातमोज्याखाली झाकली जात नाही ना, ते बघावं.

तुम्ही टाकलेल्या फोटोत जीपच्या तळाला वेल्डिंगचा लांबलचक सपाट टाका दिसतो. तो तुम्ही डाय ग्राइंडरने उतरवलाय. सर, हे त्याचं काम नव्हे. सपाट टाका 4 इंची अँगल ग्राइंडर आणि फ्लॅप डिस्कने झटपट उतरतो. डाय ग्राइंडर काढायचा तो अँगल ग्राइंडर जिथे शिरत नाही तिथे: कोपरा, भोक मोठं करणं, चेसिसच्या आतली कड, इंजिनच्या हेडचे पोर्ट (हवा आणि धूर जायचे मार्ग). एवढंच काम असेल तर दोन-अडीच हजारांचं मशीन वर्षानुवर्षं पुरतं. पाच-सात हजारांचं मशीन रोज तासन्‌तास चालवणाऱ्याने घ्यावं. आम्ही ते तुम्हाला दाखवलंही नव्हतं, कारण तुम्हाला त्याची गरज नाही.

कटर मेलेला नाही. तुमचाच फोटो मोठा करून बघा. दातांच्या खाचांमध्ये चकचकीत चंदेरी थर बसलाय, ते अ‍ॅल्युमिनियम आहे. दिलेला कटर दुहेरी दातांचा आहे, लोखंडासाठीचा. बिल करताना जीपचा पत्रा एवढंच काम सांगितलं होतं. मोटरसायकलच्या हेडचा उल्लेख रिव्ह्यूत पहिल्यांदा वाचला. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, बारीक खाचेत वितळल्यासारखं चिकटून बसतं, आणि मग दात कापायचं सोडून नुसते घासतात. त्यासाठी रुंद, एकेरी दातांचा वेगळा कटर येतो. त्यालाही अधूनमधून मेणबत्ती घासावी. काही जण रॉकेल लावतात, पण इलेक्ट्रिक मशीनच्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात, तेव्हा रॉकेल नकोच. भरलेला कटर पितळी तारेच्या ब्रशने आणि टोकदार सुईने साफ होतो, वेळ लागतो इतकंच. वापरलेला कटर आम्ही परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे. मुलाने नियमाप्रमाणेच सांगितलं.

पोर्टसाठी लांब दांड्याचा कटर घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तो पूर्ण वेगात मोकळा फिरवायचा नाही, दांडा वाकतो. वेग कमी करता येणारं मशीन लागतं, आणि कटर पोर्टमध्ये टेकवूनच चालू करायचं. दांडा 6 मिमीचा असेल तर कोलेटही 6 मिमीचंच हवं. पाव इंची, म्हणजे 6.35 मिमीच्या कोलेटमध्ये 6 मिमीचा दांडा कसला तरी भरवशाचा नाही, तो सटकतो. ऑनलाइन सेट मागवताना हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

आणि ज्या ओळीमुळे मी आज रात्रीच हे लिहायला बसलो, ती तुमची शेवटची ओळ: ‘आता याला अडॅप्टर लावून कटिंग डिस्क तरी बसवतो.’ कृपा करून बसवू नका. 100 मिमीच्या डिस्कवर बारीक अक्षरांत कमाल आरपीएम छापलेला असतो, साधारण 15,300. तो सेकंदाला 80 मीटर या कडेच्या वेगाचा हिशेब आहे. तुमचं मशीन 28,000 ने फिरतं, म्हणजे कडेला सेकंदाला जवळपास 147 मीटर. डिस्क फुटते, आणि या मशीनला गार्ड नसतो. तुकडे थेट तोंडावर, गळ्यावर येतात. अडॅप्टर कुणी विकतोय म्हणून ते चालतं असं नाही. आमच्याकडे तो कुणी मागितला तरी आम्ही देत नाही.

सरकवायचं बटण असल्यामुळे आणखी एक: काम चालू असताना लाइट गेली तर आधी बटण मागे घ्या, प्लग काढा. नाहीतर लाइट आली की टेबलावर ठेवलेलं मशीन आपोआप सुरू होतं.

मशीन आणि कटर दोन्ही घेऊन उद्यमनगरच्या दुकानात या, बिल नसलं तरी चालेल. कार्बन ब्रश आणि बेअरिंग तुमच्यासमोर उघडून बघू. वाइंडिंगला जळका वास असेल किंवा स्पिंडलला (आतल्या फिरत्या दांड्याला) हलती चाल असेल तर मशीन कंपनीच्या वॉरंटीत पाठवू, त्याचा खर्च आमचा. अ‍ॅल्युमिनियमचा कटर घेतलात तर तो आमच्या खरेदीच्या भावात देईन. हेडचा एक्झॉस्ट पोर्ट अजून घासला नसेल तर हेडही आणा. कुठल्या आकाराचा कटर आत जातो ते इथेच लावून बघता येईल.